ऐकता येईना, पडदा वाकडा

कानाच्या डॉक्टरांनी गेल्या वर्षी माझ्या कानांचं चित्र काढलं. हेडफोन चढवून मला एका बंद खोलीत बसवलं, पलीकडून कसल्याशा शिट्ट्या वाजवल्या (म्हणे!) आणि मग चौकटीच्या कागदावर दोन रेघा ओढून तो कागद माझ्या हातात ठेवला. उजव्या कानाची रेघ तांबडी, डाव्या कानाची निळी. दोन्ही रेघा डावीकडून मोठ्या ऐटीत निघतात, दोन हजार हर्ट्झपर्यंत रमतगमत जातात आणि तिथून पुढे, लोणावळा सोडल्यावर गाडी घाट उतरते तशा, ज्या सुटतात त्या थेट कर्जतला. डॉक्टर म्हणाले, "वयोमानानुसार आहे." हा शब्द मात्र मला अगदी स्वच्छ ऐकू आला.

व्यवहारात याचा अर्थ असा की माणसांचं बोलणं मला कळतं, पण स, श, फ ही मंडळी वाटेत कुठंतरी उतरून जातात. सौ.ने शेवग्याच्या शेंगा आणायला सांगितल्या की माझ्यापर्यंत नुसते स्वर येऊन पोचतात, व्यंजनं मी पदरची घालतो. गाण्याचं त्याहून वाईट. डग्गा येतो, तबल्याची चाट येत नाही. भजनाला गेलो की टाळकरी दिसतात, टाळ दिसतात, पण इतकी शहाणीसुरती माणसं सारखी हात जोडून परत का सोडताहेत ते कळत नाही.

कुणा दुसऱ्याला हे झालं असतं तर ठीक होतं. पण मी पडलो माजी संगीत समीक्षक. दिवसा कचेरीत टर्मिनलपुढे बसून आकडे भरायचे आणि संध्याकाळी बैठकीला जाऊन एका साप्ताहिकात त्यावर लिहायचं, असं पंधराएक वर्षं केलं. त्या काळी कलावंत माझ्याबद्दल म्हणत, "यांना काही ऐकू येत नाही हो." तेव्हा ती टीका होती. आता ते निदान आहे.

अशात दिवाळीला आमचे भाचेबुवा आले. हे कॉम्प्युटरातले. मध्यंतरी दोन वर्षं नोकरीपायी फिनलंडला होते. लोक परदेशातून चॉकलेटं आणतात, यांनी एक नाद आणला. माझा तो तांबडा-निळा कागद बघून त्याने जरा विचार केला, लॅपटॉप उघडला आणि म्हणाला, "मामा, तू आता गाणं ऐकू नकोस. बघ."

आता तो नाद काय, ते आधी सांगितलं पाहिजे. १९८७ साली कमोडोर कंपनीचा अमिगा ५०० नावाचा घरगुती कॉम्प्युटर आला. युरोपात पोरासोरांच्या खोलीत जाऊन बसला. त्याची स्मृती ५१२ किलोबाइट, म्हणजे आज आपण फोनवरून 'शुभ सकाळ'चा जो गुलाब पाठवतो तो एक मावला तर मावला. पण त्याच्यात पॉला नावाची एक चिप होती आणि तिला एकाच वेळी चार आवाज काढता येत. दोन डाव्या कर्ण्यातून, दोन उजव्या. त्याच साली कार्स्टन ओबार्स्की या जर्मन तरुणाने 'अल्टिमेट साउंडट्रॅकर' नावाचा प्रोग्राम लिहिला. पडद्यावर चार उभे रकाने. प्रत्येक रकान्यात वरून खाली ओळी, आणि ओळीत लिहायचं काय, तर कुठला सूर, कुठल्या वाद्याचा आणि त्याला कसा हेलकावा द्यायचा. कागद वर वर सरकत जातो आणि मधली ओळ वाजते. आपल्या कचेरीतलं रोजकीर्द गायला लागलं तर कसं वाजेल, तसा प्रकार.

वाद्यं म्हणजे सॅम्पल, खऱ्या आवाजांचे टिचभर तुकडे. ओबार्स्कीच्या प्रोग्रामबरोबर अशा तुकड्यांची एक फ्लॉपी आली, तिचं नाव एसटी-०१. मग काय, गावात एकच बाजाची पेटी असावी आणि लग्न, मुंज, कीर्तन सगळीकडे तीच हिंडावी, तशी ती फ्लॉपी युरोपभर हिंडली. या सगळ्याची जी फाइल होते तिला मॉड म्हणतात. तिच्यात गाण्याचं लिखाण असतं आणि वाद्यंही असतात. म्हणजे कल्पना करा, भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकाच्या शेवटच्या पानाला एक तंबोरा आणि एक तबला खुंटीसकट टांगलेला आहे!

पोरं ही गाणी फ्लॉपीवर घालून पोस्टाने एकमेकांना पाठवत. स्वीडनमधून जर्मनीला, जर्मनीतून फिनलंडला. पोस्टाचा खर्च कोण करणार? तर पाकिटावरच्या तिकिटाला आधीच डिंकाचा नाहीतर साबणाचा हात देत, म्हणजे शिक्का तिकिटावर न बसता त्या लेपावर बसे आणि धुतला की तिकीट पुन्हा कोरं. आत चिठ्ठी, 'तिकिटं परत पाठव.' हे भाच्याने सांगितलं तेव्हा मला त्या संगीताविषयी एकदम आपुलकी वाटली. ही आपलीच माणसं! यांना अशी चोरटी कामं करत राहिल्याबद्दल पुढे मानही मिळाला. ज्या मंडळींत हा उद्योग वाढला त्या डेमोसीनला फिनलंडने २०२० साली आणि जर्मनीने २०२१ साली आपल्या देशाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. पोस्टाची परवानगी घेतली होती की नाही, कळत नाही.

असो. तर भाच्याने हे संगीत मला दाखवायचं ठरवलं, आणि तेही टर्मिनलवर. टर्मिनल म्हटल्यावर सौ.ला कुर्ला आठवलं. तिला सांगितलं, अगं ते नव्हे, कचेरीत मी ज्याच्यापुढे डोळे फोडले ते. काळा पडदा, हिरवी अक्षरं, ऐंशी रकाने, चोवीस ओळी. हे माप १९७८ सालच्या व्हीटी-१०० या टर्मिनलचं. ती बनवणारी डेक कंपनी १९९८ साली दुसरीने गिळली, पण अजून कुठल्याही कॉम्प्युटरवर टर्मिनलची खिडकी उघडा, बहुधा ऐंशी बाय चोवीसच उघडते. कंपनी गेली, खिडकीचं माप राहिलं. जुन्या वाड्यांचंही तसंच होतं.

त्या खिडकीत चित्र काढायचं म्हणजे मुळात अधर्म. ती अक्षरांची जागा. डेकने स्वतःच पुढे सिक्सेल नावाची एक युक्ती काढली होती. एकेका अक्षराच्या पोटात एकाखाली एक सहा ठिपके दडवून पाठवायचे आणि छापणाऱ्या यंत्राने किंवा पडद्याने ते उलगडायचे. म्हणजे यंत्राला वाटावं पत्र आलं, आणि पाकिटातून निघावा फोटो.

भाच्याने पहिल्यांदा जे दाखवलं त्या नाचणाऱ्या काड्या. गाणं सुरू झालं की काड्या खालीवर होतात. या काड्या मी ओळखतो. १९८०च्या सुमारास गल्फहून आलेल्या प्रत्येक टू-इन-वनवर त्या असत, आणि पाहुण्यांना चहाच्या आधी दाखवल्या जात. त्या काड्यांचं म्हणणं एवढंच असतं, की आवाज चालू आहे. मी बहिरा झालो आहे, बावळट नाही. आवाज चालू आहे हे मला सौ.च्या कपाळावरच्या आठीवरूनही कळतं. मी म्हटलं, "पुढचं दाखव."

पुढचं म्हणजे लाटा. सॅम्पलचा आवाज जसा वरखाली होतो तशी रेघ. दिसायला छान. ढोलाची रेघ एकदम कड्यासारखी उठते आणि मग उतरत उतरत सपाट होते. खांडेरायाचा डोंगर म्हणून कॅलेंडरावर खपेल. पण बघत बसलो तर तिच्यातून ढोल कळतो, गाणं कळत नाही. गवयाच्या गळ्याचा एक्सरे बघून ख्याल कळेल काय? समीक्षक म्हणून माझं मत असं, की हे चित्र खरं आहे आणि निरुपयोगी आहे. अशी चित्रं मी प्रदर्शनांतूनही पाहिली आहेत.

तिसऱ्या चित्रापाशी मात्र मी खुर्ची पुढे ओढली.

हे चित्र आवाजाचं नव्हतं, लिखाणाचं होतं. मॉडमधलं गाणं पॅटर्न नावाच्या पानांत लिहिलेलं असतं. एका पानाला ६४ ओळी, ओळीत ४ रकाने, रकान्याला ४ बाइट. गुणाकार केला तर पान बरोबर १०२४ बाइटांचं. बाइटात आठ बिट, बिट म्हणजे शून्य किंवा एक, ठिपका विझलेला किंवा पेटलेला. आता हे ठिपके टर्मिनलवर काढायचे कशाने? तर ब्रेलने! अंधांच्या लिपीची अक्षरं १९९९ साली युनिकोडमध्ये घेतली तेव्हा सहा ठिपक्यांची मूळ अक्षरं न घेता आठ ठिपक्यांची घेतली. दोन रांगा, प्रत्येकीत चार. आठ ठिपक्यांच्या जेवढ्या म्हणून तऱ्हा होतील त्या सगळ्या, २५६.

आठ बिटांचा बाइट, आठ ठिपक्यांचं अक्षर. १०२४ बाइटांचं पान, १०२४ अक्षरांत बसणार. भाच्याने घाईघाईत एका बाइटाला एक अक्षर लावून टाकलं, तर पडद्यावर नुसता कालवा. कारण ब्रेलमधला सातवा आणि आठवा ठिपका मागाहून आलेल्या पाहुण्यांसारखे खाली वेगळी पंगत धरून बसलेले असतात, त्यांचा क्रम सरळ नाही. मग त्याने नीट बसवलं. आडवे दोन-दोन बिट आणि उभ्या चार-चार ओळी एका अक्षरात. गाण्याची एक ओळ १२८ ठिपक्यांची झाली, म्हणजे ६४ अक्षरं रुंद. आणि ६४ ओळी १६ अक्षरांच्या उंचीत आल्या. चौसष्ट बाय सोळा. ऐंशी बाय चोवीसच्या खिडकीत अख्खं पान, वर आंघोळीचा टॉवेल वाळत घालायला चारी बाजूंनी जागा!

वाजवायला हे पान नेहमीच्या चालीत पावणेआठ सेकंदही घेत नाही. इतके दिवस माझ्या कानांवरून ते निघून गेलं असतं, मला चाट न देता. आता ते उभं होतं. चार पट्टे, प्रत्येक पट्टा ३२ ठिपके रुंद. एका पट्ट्यात दर चौथ्या ओळीला तोच तो आकडा, म्हणजे ढोल. दुसऱ्यात दाट, जवळजवळ विणल्यासारखी नक्षी, म्हणजे खर्जातला चालता सूर. तिसरा बराचसा काळा, मध्येच कुठेतरी चार-सहा ठिपक्यांचे पुंजके, म्हणजे धून. सोलापुरी चादरीचा काठ बघावा तसा मी तो वरून खाली बघत होतो.

आणि मग मला त्यात सप्तकं दिसली. ही गंमत जरा सावकाश सांगतो, कारण ती मला तीन दिवसांनी कळली. मॉडमध्ये सुराचं नाव लिहीत नाहीत, एक आकडा लिहितात. दोन ठोक्यांमध्ये किती थांबायचं त्याचा. थांबणं कमी तर सूर उंच. त्यांच्या 'सी'ला आपण सा धरलं, तर मधल्या सप्तकातल्या साचा आकडा ४२८. वरच्या साचा २१४, निम्मा. खालच्या साचा ८५६, दुप्पट. आता शाळेत आपण शिकलो की ४२८०ला दहाने भागलं की आकडे तेच राहतात, फक्त एक घर उजवीकडे सरकतात. कॉम्प्युटरचा हिशेब दोनाचा, तेव्हा तिथे निम्मं केलं की ठिपके तेच राहून एक घर उजवीकडे सरकतात. म्हणजे मंद्र षड्ज, मध्य षड्ज आणि तार षड्ज यांचं पडद्यावरचं चित्र एकच! एक माणूस तीन पायऱ्यांवर उभा. भातखंड्यांनी मंद्रासाठी स्वराखाली ठिपका दिला आणि तारासाठी वर. हे काही मुंबईच्या त्या वकिलाला विचारून केलेलं नाही. इथे कुणी काही ठरवलंच नव्हतं, तरी षड्जाने आपली ओळख दिली. पंचमाने मात्र जरा घोटाळा केला. त्याचे आकडे ५७०, २८५ आणि १४३. दोनशे पंच्याऐंशीचं निम्मं साडेएकशेबेचाळीस, ठिपका काही अर्धा काढता येत नाही, म्हणून तार पंचमाच्या टोकाला एक ठिपका जादा चिकटलेला. गळ्यातला पंचम किंचित हलला तर मी पूर्वी लिहीत असे, 'आज पंचम लागला नाही.' इथे तो न लागलेला मला दिसत होता.

इतकं कौतुक केल्यावर आता नावं ठेवायला मी मोकळा झालो.

पहिली तक्रार शांततेबद्दल. भाच्याने उत्साहाच्या भरात पानं संपल्यावर सॅम्पलांचेही ठिपके काढले. तिथे जिथे जिथे आवाज जवळजवळ नाही, तिथे पडदा नुसता पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांनी ओरडत होता. मी म्हटलं, इथे काय लढाई चालली आहे? तो म्हणाला, "नाही, इथे काहीच वाजत नाही." कारण मोठं मजेचं. आवाज शून्याच्या आसपास रेंगाळत असला की कधी शून्य असतो, कधी उणे एक. शून्य लिहितात आठही ठिपके विझवून, आणि उणे एक लिहितात आठही पेटवून. झालं! जगातली सगळ्यांत बारीक कुजबुज या चित्रात सगळ्यांत मोठा आरडाओरडा दिसते. चित्रकाराने याला लाक्षणिक अर्थ वगैरे दिला असता तर मी गप्प बसलो असतो. पण हा नुसता हिशेबाचा दोष आहे, आणि संगीताचं चित्र म्हणवणाऱ्या गोष्टीत शांतता चुकणं म्हणजे स्वयंपाकात मीठच चुकण्यासारखं आहे.

दुसरी तक्रार क्रमाची. मॉड करणाऱ्यांनी जागा वाचवण्यासाठी ध्रुपद एकदाच लिहिलेलं असतं आणि कुठलं पान कितव्यांदा वाजवायचं त्याची १२८ घरांची यादी वेगळी. आपल्या भजनाच्या पुस्तकात प्रत्येक कडव्याखाली नुसतं ॥धृ॥ छापतात ना, तसं. फाइलीचं सरळ चित्र काढलं तर ध्रुपद एकदाच दिसतं. पण गाण्यात त्याची मजा असते ती पुन्हा येण्यात! हे चित्र काटकसर दाखवतं, पुनर्भेट दाखवत नाही.

आपल्याकडे रागांची चित्रं काढायची हौस जुनीच. सोळाव्या शतकाच्या अखेरीला दख्खनेत रागमालेची चित्रं झाली, हिंदोल म्हणजे झोपाळा, तोडी म्हणजे वीणा घेतलेली स्त्री आणि भोवती हरणं. त्या चित्रावरून तोडी गाता येत नाही. हरणं मोजून गंधार कोमल आहे हे कळत नाही. पण तोडी ऐकल्यावर सकाळी जे होतं ते त्या चित्रात आहे. भाच्याच्या ठिपक्यांचं बरोबर उलट. त्यातून गाणं जसंच्या तसं परत उभं करता येईल, एक बिट हरवलेला नाही, पण सकाळ आहे की संध्याकाळ ते विचारू नका. मला विचाराल तर दोन्ही अपुरी आहेत, आणि हरणं जास्त चांगली आहेत.

तिसरी तक्रार मात्र तक्रार नव्हे, भांडण आहे. मॉड फाइलीच्या अगदी सुरुवातीला, गाण्याच्याही आधी, ३१ सॅम्पलांची नावं लिहायला जागा असते. प्रत्येकाला २२ अक्षरं. तिथे 'ढोल', 'पियानो' असं काहीतरी लिहावं ही अपेक्षा. पण पोरं तिथे काय लिहीत? मित्रांना रामराम. स्वतःचा पत्ता, फ्लॉपी पाठवा म्हणून. शिव्या. आपलं गाणं कसं जमलं नाही त्याबद्दल दिलगिरी. एकतीस ओळींचं पत्र, वाद्यांच्या नावांच्या जागी. आपल्याकडे शिलालेखाच्या शेवटी गाढव कोरत, तितपत जागेत माणसांनी आपला जीव ओतलेला. त्यानंतर थोड्या अंतरावर 'एम. के.' ही चार खुणांची सही, एकतीस वाद्यांची फाइल आहे हे ओळखण्यासाठी. तिच्याबद्दलही दोन पक्ष. काही म्हणतात ही स्वीडनच्या माहोनी आणि काक्टस या जोडगोळीची आद्याक्षरं, काही म्हणतात दुसऱ्याच एका प्रोग्रामरची. मराठी माणसाला हे सगळं किती घरचं वाटावं!

आणि या पत्राचंही भाच्याने ठिपक्यांत रूपांतर केलं होतं! दर आठवा रकाना काळा आणि बाकी भुरभुर. अहो, टर्मिनल हे अक्षरांचं यंत्र. जन्मभर त्याने अक्षरांखेरीज काही केलं नाही. त्याच्याकडून तुम्ही सक्तीने चित्रं काढून घेता, आणि फाइलीत जी सहाशे ब्याऐंशी खरीखुरी अक्षरं आहेत तेवढीच नेमकी त्याला वाचू देत नाही? पोस्टमनला नाचायला लावायचं आणि पत्र मात्र त्याच्या पिशवीतच ठेवायचं! मी चांगला चढ्या आवाजात बोललो असणार, कारण सौ. स्वयंपाकघरातून बाहेर आली. (बहिऱ्याला आपला आवाज किती चढला हे लोकांच्या येण्याजाण्यावरून ठरवावं लागतं.)

भाचा गुणी. त्याने तिथल्या तिथे दुरुस्ती केली. वर पत्र पत्रासारखं, अक्षरात. खाली गाणं, ठिपक्यात. मी त्याला लुई ब्रेलची गोष्ट सांगितली, ती त्याला ठाऊक नव्हती. ब्रेल स्वतः पॅरिसात चर्चमध्ये ऑर्गन वाजवत असे, आणि १८२९ साली त्याने ठिपक्यांच्या लिपीवर जे पुस्तक काढलं त्याच्या नावातच शब्दांबरोबर संगीतही आहे. बोटांनी वाचायचं गाणं. ते ठिपके आज काचेवर उमटतात, जिथे बोटाला काही लागत नाही, आणि ज्याचे डोळे शाबूत आहेत पण कान गेले अशा माणसाच्या उपयोगी पडतात. भाचा थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, तुला एक सांगू? अमिगावर मधला सा वाजवताना सॅम्पल सेकंदाला सुमारे ८२८७ वेळा मोजून वाजतं. म्हणजे ४१००च्या वर त्यात खरं असं काही नसतंच." मी माझा तांबडा-निळा कागद काढला. तिथवर घाट सुरू होऊन गेलेला होता. गेल्या तीस-चाळीस वर्षांत माझ्या मापाचं शिवलेलं संगीत हेच पहिलं!

"सगळ्यांचं नाही हं," भाचा म्हणाला. "वरच्या सप्तकात वाजवलेल्या झांजांचं वर जातं."

एवढ्यात सौ. लॅपटॉपपाशी येऊन उभी राहिली होती. हाताला बेसन. तिने ठिपक्यांकडे बघितलं आणि म्हणाली, "रांगोळी वाटतं? ठिपके चांगले घातलेत. रेघा कुठायत?"

मी बत्तीस मिनिटं समीक्षा केली होती, तिने एका वाक्यात केली. रेघा नव्हत्याच. ढोलाच्या ठिपक्याकडून धुनेच्या ठिपक्याकडे जाणारी जी काही रेघ असते ती ऐकणाऱ्याने ओढायची असते, आणि त्या खोलीतला ऐकणारा एकटा भाचा होता.

ती जायला वळली आणि थबकली. बेसनाचं बोट पडद्याला न लावता तिने शेवटचा पट्टा दाखवला. "अरे, इथे चुकलंय."

"काय चुकलंय, मामी?"

"सगळीकडे दोन घरं सोडून ठिपके आहेत. इथे खाली मध्येच एक घातलाय. मग पुन्हा बरोबर. कुणीतरी धांदलीत काढलेलं दिसतंय."

चाळीस वर्षं रोज सकाळी दारात ठिपके मोजणारी बाई ती. मी ओळी मोजल्या. अठ्ठावन्नावी. भाच्याने ते पान वाजवलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा त्याचा चेहरा बदलला. "चूक नाही गं. तिथे एक झांज जादा आहे. ध्रुपद यायच्या आधी उचलून देतो तो. मी हे गाणं कितीदा ऐकलंय, माझ्या कधी लक्षातच आलं नाही." त्याने पुन्हा लावलं. "हे बघ, आता... आता! ऐकलंस, मामा?"

मला ढोल ऐकू आला. मग खर्ज. मग पान संपलं. पण अठ्ठावन्नाव्या ओळीला माझे डोळे पडद्यावर होते आणि तो पुंजका तिथे होता.

"परत लाव," मी म्हटलं. सौ. म्हणाली, आधी चकल्या खाऊन घ्या. निदान मला तसं वाटलं. ती शंकरपाळेही म्हणाली असेल.